मुलगी मोठी होईपर्यंत चित्रं थांबवावीत का? कुळागरातल्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न होऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतल्या घरात आले. शिक्षण पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात झालं. मुलगी तीन वर्षांची, घरात सासू-सासरे. नवऱ्याचा विरोध नाही, पण दिवस कुठे जातो कळत नाही. कॉलेजातले कॅनव्हास गुंडाळून खाटेखाली पडलेत. सगळे म्हणतात, मुलगी मोठी होऊ दे, मग निवांत काढ चित्रं. अमेरिकेतल्या त्या शेतकरी आजीने नाही का अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुरुवात केली? तर आता दहाएक वर्षं सगळं बंद ठेवावं, की ओढाताण करून चालू ठेवावं?

मी फोंड्याकडची. चाळीस वर्षांहून जास्त काळ पोफळींच्या सावलीत संसार केला, दोन मुलं वाढवली, आता नातवंडं आहेत. चित्रं अजून काढते, विकते, थोडं शिकवते. तू माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

वेळ नाही असं तू लिहिलंस, पण तुझ्याच दिनक्रमात दुपारी मुलगी झोपते तेव्हाचा पाऊण तास आहे आणि संध्याकाळी आजी तिला देवळाकडे नेते तेव्हाचा अर्धा तास. कुळागरातल्या बाईला याहून जास्त सलग वेळ मिळालेला मी तरी फारसा बघितला नाही. अडतं ते पुढे. त्या पाऊण तासात तू माळ्यावरून ईझल उतरवतेस, ट्यूबचं टोपण निघत नाही म्हणून पक्कड शोधतेस, टर्पेंटाइन ओततेस, आणि पहिला ब्रश बुडवतेस तेवढ्यात आतून हाक येते. मग ब्रश धुवा, हात धुवा, सगळं लेकीच्या हाताला लागणार नाही असं उचलून ठेवा. असं चारदा झालं की पाचव्यांदा माणूस माळ्याकडे बघतच नाही. तैलरंगात मांडण्या-आवरण्यातच अर्धा तास जातो. ज्याला सबंध दिवस मोकळा आहे त्याला ते परवडतं. तुझा दिवस तुकड्यांचा आहे, आणि तू निवडलेलं काम मात्र सबंध दिवसाचं आहे. दिवस बदलणं तुझ्या हातात नाही. काम बदलणं आहे.

आता ती दहा वर्षं. आज तुझ्या सासूबाई मुलीला देवळाकडे नेतात. दहा वर्षांनी कदाचित त्यांनाच हाताला धरून न्यावं लागेल. मुलगी दहावीच्या जवळ आलेली असेल. झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा पाडेली आजच वेळेवर मिळत नाही, तेव्हा काय असेल देव जाणे. शेताच्या घरात मोकळी वर्षं अशी पुढे कुठे रांगेत उभी नसतात. माझ्या ओळखीतल्या ज्या बायकांनी 'मुलं मोठी झाल्यावर' म्हणून रंग ठेवून दिले, त्यातल्या फार थोड्यांनी ते परत काढले. पुढे त्यांना वेळ मिळाला नाही असंही नाही. पण हात बुजला होता, आणि घरालाही सवय झाली होती की ही काही काढत-बिढत नाही. हात सहा महिन्यांत परत वळतो. घराची सवय मोडणं कठीण.

म्हणून माझं उत्तर: थांबू नकोस, लहान कर. पण यात बरंच तुझ्या घरावर अवलंबून आहे, तेही सांगते. कुळागर किती मोठं, कामाला माणसं आहेत की सगळं घरच्यांच्याच अंगावर, मुलीची तब्येत कशी, सासऱ्यांना पथ्याचं वेगळं रांधावं लागतं का, या सगळ्याने फरक पडतो. मूल सारखं आजारी असलेल्या घरात मी कोणाला रोज काढ म्हणणार नाही. आणि झोप पार तुटलेली असेल, महिनोन्महिने कशातच मन लागत नसेल, तर तो विषय रंगांचा नाही, डॉक्टरांचा आहे. त्याला आळस म्हणून घेऊ नकोस.

त्या अमेरिकन आजीचं उदाहरण तुला थांबवायला वापरलं जातंय, तर तिचं आयुष्य जरा नीट बघू. अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस, जिला पुढे सगळे ग्रँडमा मोझेस म्हणू लागले, ती १८६० साली न्यूयॉर्क राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मली. बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली. १८८७ मध्ये लग्न झालं आणि दोघं व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात शेती करायला गेली. दहा बाळंतपणं झाली, पाच मुलं तान्हेपणीच गेली. लोणी करून विकायचं, बटाट्याचे काप तळून विकायचे, हे तिचे उद्योग. १९०५ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परतलं आणि ईगल ब्रिज या गावी शेतावर राहिलं. १९२७ मध्ये नवरा गेला. १९३८ मध्ये हूसिक फॉल्सच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत ठेवलेली तिची चित्रं एका संग्राहकाने बघितली आणि उचलली. १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं तेव्हा ती ऐंशीची होती. १९६१ मध्ये, १०१ वर्षांची होऊन ती वारली. मागे पंधराशेहून जास्त चित्रं राहिली.

लोक यातलं शेवटचं तेवढं सांगतात. लहानपणी ती फळांच्या रसाने रंगवायची, ते कोणी सांगत नाही. १९१८ मध्ये बैठकीच्या खोलीला भिंतीचा कागद लावताना तो संपला, तेव्हा शेकोटीसमोर लावायच्या फळीवर तिने निसर्गदृश्य रंगवून टाकलं. पुढे ती लोकरीच्या धाग्याने भरतकामात चित्रं करायची. सांधेदुखीने सुई धरवेना तेव्हा बहिणीने सुचवलं की रंग घे. म्हणजे हात कधीच रिकामा नव्हता, साधन तेवढं बदलत गेलं. आणि तिने पुढे जे रंगवलं ते काय? मेपलचा पाक आटवणं, साबण करणं, मेणबत्त्या करणं, कापणी, बर्फातून जाणारी घसरगाडी. सगळं शेतावरच्या आयुष्यातलंच. तिला थांबलेली बाई म्हणणं मला पटत नाही.

अजून एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती दिवसभर चित्रं काढायला लागली तेव्हा शेत तिचा धाकटा मुलगा आणि सून बघत होती. यात तिचं काही कमी होत नाही. पण तुला कोणी 'पुढे निवांत काढ' म्हणालं तर इतकंच विचार, की तेव्हा शिंपणं कोण करणार आणि चूल कोण बघणार. उत्तर ठरलेलं नसेल तर तो निवांतपणा येणार नाही. शिवाय तिने चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. तू घेतलं आहेस, आणि शिकलेली रेषा न वापरता ठेवली तर गंजते. स्मरणातून भाबडं चित्र ऐंशीव्या वर्षीही सुरू करता येईल. समोरचं माणूस बघून दोन मिनिटांत उभं करणं नाही जमणार.

तिच्याकडून मी एक रीत मात्र उचलली. ती साध्या हार्डबोर्डला पांढऱ्याचे हात देऊन घ्यायची, एका वेळी तीन-चार बोर्ड कामात ठेवायची आणि वरून खाली यायची: आधी आभाळ, मग डोंगर, झाडं, घरं, शेवटी गुरं आणि माणसं. तुकड्यातुकड्याच्या दिवसाला ही रीत फार सोयीची पडते, कारण एका चित्राचं आभाळ वाळतं तोवर दुसऱ्याची झाडं घेता येतात, आणि कोणत्याही क्षणी उठलं तरी पुढचं पाऊल ठाऊक असतं.

तर साधनाचं बोलू. मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तैलरंग बाजूला ठेव. टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत लहान मुलाला चांगला नाही, आणि तीन वर्षांचं मूल ते पाणी समजून तोंडाला लावू शकतं. त्यात आमच्या पावसात तेल वाळता वाळत नाही. तेलाचा रंग उडून वाळत नसतो, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि आषाढातल्या गार, ओल्या, बंद खोलीत त्याला दिवसांवर दिवस लागतात. तेवढ्यात त्यावर किडे, धूळ आणि तुझ्या लेकीची बोटं बसतात. त्याऐवजी शाई, ग्वाश (पाण्यात कालवायचे दाट, अपारदर्शक रंग), अ‍ॅक्रिलिक. मी अ‍ॅक्रिलिकसाठी झाकणाचा पसरट स्टीलचा डबा ठेवते. तळाला ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की रंग चार-पाच दिवस ओला राहतो. उघडलं की काम सुरू. फडकं मात्र दर दोन दिवसांनी बदल, नाहीतर बुरशीचा वास येतो. हाक आली तर ब्रश पाण्यात टाकून उठ, तासाभराने धुतलास तरी चालेल. विसरलीस आणि रात्रभर सुकू दिलास तर तो ब्रश गेला. म्हणून चांगले सेबलचे ब्रश अ‍ॅक्रिलिकला लावू नकोस. आणि हा डबा, ती वाटी स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. कॅडमियम, कोबाल्टचे रंग पोटात जायचे नाहीत. ट्यूबवरचं बारीक वाचायची सवय लाव.

आकार एकच ठरव, तोही लहान. वहीच्या पानाएवढे बोर्ड किंवा जाड कागद एकदम कापून घे, एका रविवारी सगळ्यांना पांढरा हात मारून ठेव. एक आकार म्हणजे काय काढायचं, केवढं काढायचं हा विचार रोज करावा लागत नाही, आणि वर्षाअखेरीस शंभर लहान चित्रं भिंतीवर एकत्र लावली तर ते मोठंच काम दिसतं. किती केलीस यावर मात्र स्वतःला मोजू नकोस. वासुदेव गायतोंडे, ज्यांचं मूळ आपल्या गोव्यातलं, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे, बाकी वेळ बघत आणि विचार करत बसायचे. अर्थात त्यांना चार वाजता कोणी चहा मागत नव्हतं.

उठताना चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेव: पुढे काय करायचंय. 'डावीकडचा हिरवा थंड कर', 'पाटाचं पाणी अजून गडद'. अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं आठवण्यात गेली तर उरतं काय?

जागेबद्दल. तू मांगरात, बागेतल्या त्या वेगळ्या खोपटात, स्टुडिओ करायचं म्हणतेस. मांगर सुंदर असतो, पण आत्ता नको. घरापासून दोनशे पावलांवरची खोली लहान मुलाच्या आईला महिन्यातून चारदा दिसते. आत्ता घरातच, जिथून तू दिवसातून दहादा जातेस अशा ठिकाणी भिंतीला एक फळी ठोकून घे, तुझ्या छातीच्या उंचीची. त्यामुळे उभ्याने काम होतं आणि लेकीचा हात पोचत नाही. काम मांडलेलंच राहू दे, वरून फक्त एक कापड टाक. भात शिजेपर्यंतही दोन फराटे मारता येतात. आणि जाता-येता नजर पडत राहते, त्यामुळे काय चुकलंय ते भांडी लावताना कळतं. हे शेवटचं मला ईझलसमोर बसूनही कधी इतकं मिळालं नाही. मुलगी बालवाडीत जाऊ लागली, सकाळचे तीन तास मोकळे झाले, की मांगर.

प्रकाशाबद्दल कॉलेजात कोणी सांगितलं नसेल, कारण तिथे पोफळी नाहीत. कुळागरातल्या घरात दिवसाही येणारा उजेड हिरवट असतो, पानांतून गाळून येतो. त्यात मिसळलेला लाल आणि त्वचेचा रंग बाहेर नेला की भलताच निघतो. रंग ठरवायचे झाले तर राजांगणात (घरामधल्या चौकात) किंवा उघड्यावर नेऊन बघ, आणि शेवटचा हात त्याशिवाय मारू नकोस.

कुळागराचं वर्ष आणि चित्राचं वर्ष यांची सांगड घातली की ओढाताण निम्मी होते. आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी पोफळींना बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी होते, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. पाऊस फारच झोडपत राहिला तर तिसरीही. त्या दिवसांत घरात माणसं जेवायला असतात, तेव्हा ब्रशचं नावही काढू नकोस. (मोरचुदाच्या निळ्याचा मोह मलाही झाला होता. बघ, डोळे निवव, पण रंगात घालू नकोस. विषारीही आहे आणि टिकतही नाही.) पण दोन फवारण्यांच्या मधला काळ, आषाढ ते चवथीची (गणेशचतुर्थीची) तयारी सुरू होईपर्यंत, हा शेतघरातला सगळ्यात लांब घरकोंडीचा काळ. शिंपणं नाही, सुपारी उतरवणं नाही, पाहुणे नाहीत. माझं निम्म्याहून जास्त काम याच दिवसांतलं. फक्त जलरंगांच्या वाटेला तेव्हा जाऊ नकोस. कागद हवेतलं पाणी पिऊन फुगलेला असतो, वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) वाळत नाही, कडा हव्या तिथे थांबत नाहीत. शाई आणि बोर्डवरचं अ‍ॅक्रिलिक या दिवसांत बरं. जलरंग पौष-माघासाठी ठेव, तेव्हा हवा कोरडी असते आणि सकाळ स्वच्छ. तेव्हाच सुपारी उतरते आणि मिरीही, दिवस कामाचे असतात. पण खळ्यात सुपारी वाळत घातली की राखायला कोणीतरी बसावंच लागतं, ते काम मागून घे आणि कागद घेऊन बस. काजूचा हंगाम आणि मे महिन्यातले पाहुणे यांत मी काही धरत नाही. स्केचबुक खिशात असतं, झालं तर झालं.

चवथीचे दिवस तर बाईच्या हातात काहीच राहू देत नाहीत. पण गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान येतं ना, कवंडळं, घागऱ्यो, कांगलां, सुपारीची कात्रो, त्यातलं एकेक बांधायच्या आधी दोन-दोन मिनिटं घेऊन काढ. वर्षातून एकदाच ही सगळी रानातली फळं एकत्र घरात येतात. मी दरवर्षी काढते आणि ती पानं माझ्याकडे सगळी आहेत; विकायला कधी काढली नाहीत, पण मोठ्या चित्रांना त्यांनीच जन्म दिला.

मुलीबद्दल तुला सगळे सांगतील की तिलाही शेजारी बसव, कागद-खडू दे, दोघी काढा. काही मुलांना ते जमतं. माझ्या मुलीला जमायचं, मुलगा मात्र माझ्याच कागदावर यायचा. जमलं नाही तर हट्ट करू नकोस. लेकीबरोबर काढणं हा खेळ आहे, तोही हवा, पण तो तुझ्या कामात धरू नकोस. ती जागी असताना तुझ्यासाठी फक्त स्केचबुक: ती झोपलेली, चिखलात बसलेली, आजीच्या मांडीवर. हलणारं मूल काढता काढता रेषा जी तयार होते ती कॉलेजातल्या मॉडेलने होत नाही. दोन ते पाच वर्षांचा काळ सगळ्यात कठीण असतो. तू त्यातच आहेस, म्हणून प्रश्न आत्ता इतका मोठा वाटतोय.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण तू ते लिहिलं नाहीस आणि बहुतेक तेच टोचतंय. घरात चित्र हा छंद समजला जातो तोवर दुपारचा पाऊण तास कोणीही मागून घेऊ शकतं. थोडी का होईना, कमाई सुरू झाली की तो वेळ कामाचा होतो. हे असं असू नये, पण आहे. आपल्या भागात काही घरांत मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती पूजतात; जुना कागद जीर्ण झाला की नवा काढून घेतात. माझी पहिली नियमित मिळकत तीच. शनिवारी चार मुलांचा वर्ग घेणं ही दुसरी. पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा कर, आणि रंग त्यातूनच आण, म्हणजे ट्यूबच्या किमतीवर कोणाला बोलायला जागा राहत नाही. आणि फळी ठोकायला किंवा पुढे मांगर मागायला संकोच वाटत असेल तर हे लक्षात ठेव: लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि स्थावर विकायचं तर दोघांची सही लागते. कुळागर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर वाटणीचा भाग वेगळा, तो वकिलाला विचार. मी भांडायला सांगत नाही. पण मागताना आवाजात पाहुणेपण नको.

हॉटेलवाले वगैरे चित्रं मागायला येतील तेव्हा एक साधा कागद करून घे. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, वेगळं लिहून दिलं नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. पण पैसे देऊन कोणी मुद्दाम काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल आणि काही ठरवलेलं नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून आधी लिहून घ्यायचं. आणि आजपासून एक वही: चित्राचा क्रमांक, तारीख, आकार, साधन, कोणाला दिलं. तोच क्रमांक चित्रामागे. तुला आता हे हास्यास्पद वाटेल. चाळीस वर्षांनी कोणी प्रदर्शन भरवायचं म्हणालं, की कुठलं चित्र कोणाच्या घरी आहे हे या वहीशिवाय कोणी सांगू शकत नाही.

लांब आयुष्याचा विचार करतेस म्हणून शरीराचंही सांगते. डोळे आणि बोटं बदलतात. मोतीबिंदू हळूहळू येतो आणि सगळ्यावर पिवळट-तपकिरी पडदा घालतो, आपल्याला कळतही नाही. माझ्या शस्त्रक्रियेनंतर निळा रंग इतका लखलखीत दिसला की आधीच्या दोन-तीन वर्षांची चित्रं मी परत काढून बघितली. त्यात निळा मी भरपूर ओतला होता. ती तशीच ठेवली आहेत, वाईट नाहीत. आता बोटं आखडतात म्हणून ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करते आणि बारीक रेषेऐवजी मोठे हात मारते. साधन बदलायची सवय तुला तिशीतच लागली, तर सत्तरीत ती जड जात नाही.

राहिलं खाटेखालचं. ते कॅनव्हास यंदाच्या पावसाआधी बाहेर काढ. कोरड्या दिवशी, ओसरीवर, वारा असेल पण थेट ऊन नसेल अशा जागी हळूच उलगड. थर एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नकोस, तसेच गुंडाळून जाणकाराकडे ने. पांढरी बुरशी असेल तर नाकातोंडाला फडकं बांधून, मुलीला दूर ठेवून, मऊ कोरड्या ब्रशने अंगणाच्या बाजूला झटक. ओल्या फडक्याने पुसलंस तर ती आत शिरते. परत गुंडाळायचे झाले तर रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर, मध्ये बटर पेपर घालून. आत ठेवलीस तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. त्यावर सुती कापड, प्लास्टिक नाही, कारण प्लास्टिकच्या आत घाम धरतो. आणि खाटेखाली नाही, चिऱ्याच्या भिंतीला टेकवूनही नाही. आमच्याकडे एका लाकडी कपाटात पावसाभर लहान बल्ब लावून ठेवतो, कागद-कापडापासून वीतभर दूर. आतली हवा थोडी उबदार राहते तेवढी पुरते. कपाटात कडुलिंबाचा पाला घाल, कसर कमी लागते. डांबराच्या गोळ्या चित्राला टेकू देऊ नकोस. जे दोन-चार कॅनव्हास सुटतील ते फ्रेमवर ताणून घे आणि एक तरी बैठकीच्या खोलीत लाव, सासऱ्यांच्या आरामखुर्चीसमोरच्या भिंतीवर.